सात घरी दिलेल्या पत्रिका

प्रवास केला की माणूस शहाणा होतो, असं मी शाळेत तीस वर्षं मुलांना सांगत आले. छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले आणि होतं नव्हतं ते शहाणपणही तिथेच ठेवून आले. कुठे ठेवलं ते आठवतंय का हे बघावं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी वसईची. आमचं घराणं कॅथलिक, आणि ते किती पिढ्यांपासून हे सांगताना आमच्याकडे सगळ्यांची मान जरा ताठ होते. माझीही होते. निवृत्त झाल्यापासून दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीचा वर्ग घेते. त्यासाठी एक रंगीत तक्ता केला आहे. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचं भलं, गरिबाला पहिलं स्थान, सृष्टीची काळजी. प्रत्येकाला वेगळा रंग आणि खाली एक चित्र. राजकारण असो की पगारवाढ, कुठलाही प्रश्न विचारा, मी तक्त्यावर काठी ठेवून उत्तर देत असे.

माझा भाचा डेरिक याचं लग्न रेश्माशी ठरलं. ती संभाजीनगरला नर्स आहे, आई गंगापूरच्या पुढे एका गावात असते. गावाचं नाव लिहीत नाही, का ते कळेलच. आमच्या घरात मुलाकडच्या माणसानं मुलीच्या गावी जाऊन शेजाऱ्यांना हातोहात पत्रिका द्यायची पद्धत आहे. डेरिकच्या आईचे गुडघे संपावर गेलेले, तेव्हा हा मान मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे आला. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होता. लग्न नाताळनंतर.

मुकुंदवाडी, शनिवार

"मोठ्या स्टेशनवर उतर, झोपू नकोस," असं डेरिकनं तीनदा बजावलं होतं. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर मुकुंदवाडीची पाटी होती आणि मोठं स्टेशन मागे गेलं होतं. बॅग, पर्स आणि पत्रिकांचा खोका कवटाळून मी कशीबशी उतरले आणि बाहेरच्या पहिल्या रिक्षात सामानासकट बसले. रिक्षावाल्यानं रेश्माच्या पत्त्याचा कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"खाला, ये तो सामने की गल्ली है. उतरो, चलके जाव."

म्हणजे चुकून मी अगदी बरोबर उतरले होते. या प्रवासात असं पुन्हा झालं नाही.

रेश्मा रात्रपाळी करून नुकतीच आली होती. लहानखुरी, बोलण्यात चटपटीत, आणि मला "मावशी" म्हणताना आवाजात एक धाक. तिनं उकळलेला चहा मी दोनदा मागून प्यायले. खोलीत क्रूस होता, पण कपाटाच्या आत, दाराच्या मागच्या बाजूला. वसईत आमचे क्रूस अंगणात, गल्लीच्या तोंडाशी, चौकात. मी विचारलं, "घरमालक कटकट करतो का गं?" ती म्हणाली, "नाय, सवय आहे." मी पुढे विचारलं नाही.

औरंगपुरा, त्याच दुपारी

विहीणबाईंसाठी साडी घ्यायला औरंगपुऱ्यात गेलो. तिथे दुचाकी माणसाच्या अंगावरून नव्हे तर अंगातून जाते. चौथ्या दुकानात जांभळी साडी पसंत पडली आणि मग रेश्मानं मला नान-खलिया खायला नेलं. मटणाचा पातळ लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग आणि सोबत हळदीच्या रंगाची जाड नान. आमचं मटणाचं इंद्याल चुलीवर चढलं की आळीभर वास जातो, त्याचा मला फार अभिमान. पण खलिया खाताना मी वसईशी थोडी बेइमानी केली, हे कबूल करते.

खाता खाताच मी तिला पत्रिका दाखवली. वर सोनेरी क्रूस, खाली 'श्रीमती मार्था व कै. योसेफ यांची ज्येष्ठ कन्या'. तिनं हातातली नान खाली ठेवली.

"मावशी, आईचं नाव मार्था छापलंय."

"मग? तुझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तेच आहे की."

"व्हय, दाखल्यावर तेच हाय. पण गावात सगळे सुशीला म्हणतात. आईला दाखवल्याशिवाय पत्रिका कुणालाच देऊ नका हां."

मी हो म्हटलं. शिक्षिकेचं 'हो' म्हणजे काय ते वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्यांना ठाऊक असतं. माझं सगळं लक्ष दुसऱ्या नानवर होतं.

गाव, रविवार

रेश्माला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटीच निघाले. गंगापूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये नऊ माणसांच्या जागेत आम्ही चौदा जण आणि सरकीची दोन पोती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला वेचणीचा कापूस. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या मांडीवर त्यांची पिशवी ठेवली आणि उतरेपर्यंत ती माझीच असल्यासारखी वागवली.

सुशीलाबाई रस्त्यावर घ्यायला उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, पायात साध्या चपला. चालता चालताच त्यांनी सांगून टाकलं की त्या सरपंचपदाला उभ्या आहेत. जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव. त्यांची वस्ती, चाळीसेक घरं, गावच्या गायरानावर वसलेली. वरच्या आळीतल्या बड्या शेतकऱ्यांच्या पॅनलला तिथं सोलर प्रकल्प आणायचा होता.

"सरपंचाची सही झाली की घरं उठली," त्या म्हणाल्या. "म्हणून उभी राहिले. मला काय हौस नाय."

माझी पहिली पंचाईत तिथेच झाली. माझ्या तक्त्यावर सृष्टीच्या काळजीखाली मी स्वतः सोलरचं चित्र काढलं आहे. छान निळं. गरिबाच्या खाली झोपडी काढली आहे. ती दोन चित्रं एकाच जमिनीवर आली तर काय करायचं, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

वस्तीतलं चर्च म्हणजे पत्र्याखालची एक खोली. फादर पंधरा दिवसांनी येतात. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, ढोलकी आणि टाळ, गाणी सुशीलाबाई सांगतात, बाकीचे मागून म्हणतात. आमच्या ऑर्गनपेक्षा तिथे देव जास्त जागा असावा असं वाटलं. पण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या वेळी एक पाहिलं. सुशीलाबाईंनी म्हाताऱ्यांना हाताला धरून रांगेत नेलं, एका बाईचं तान्हं सांभाळलं, गाणं चालू ठेवलं. स्वतः मात्र जागेवरून हलल्या नाहीत. विसरल्या असतील, असं समजून मी माझ्या प्रार्थनेला लागले.

मिस्सा झाल्यावर त्यांना प्रचाराला जायचं होतं. "ताई, तासाभरात आले. भाकरी झाकून ठिवलीय. बसा तुमी." येसरची आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवले. मग बसवेना. खोका समोर, गल्ली समोर, दारादारांत माणसं. तीस वर्षांत मी कधी रिकामी बसलेली नाही. उठले आणि सात घरी पत्रिका देऊन आले.

शेवटचं घर समोरचंच. भिंतीवर बुद्धांची मूर्ती असलेला कोनाडा आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. घरच्या सूनबाईंनी, वंदनाताईंनी, चहा केला. त्यांच्या सासऱ्यांनी, कचरूआबांनी, पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन बोटानं ओळ धरत मोठ्यानं वाचली. "श्रीमती मार्था..." तिथे बोट थांबलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरं झालं, येऊ की लग्नाला." मला वाटलं, सोनेरी छपाई आवडली.

सुशीलाबाई परतल्या तेव्हा मी मोठ्या उत्साहात त्यांना सांगितलं. त्यांनी खोका पुढे ओढून उघडला.

"किती घरं?"

"सात."

"वंदीकडंबी?"

"हो. तिनं चहा केला."

"वंदी माझ्या विरोधात उभी हाय, ताई. वरच्या आळीचं पॅनल तिच्यामागं हाय, तिला दुसरीकडं घर देतो म्हणालेत. उद्या गंगापूरला अर्जांची छाननी."

मग त्यांनी मला समजावलं, अगदी पहिलीच्या मुलाला समजावावं तसं. कायद्यानं अनुसूचित जात म्हणजे हिंदू, शीख किंवा बौद्ध. ख्रिस्ती झालं की जात कागदावरून जाते. गावातून जात नाही, पाणवठ्यावरून जात नाही, फक्त कागदावरून. म्हणून त्यांच्या घरात दोन कागद. सरकारी कागदावर सुशीला, हिंदू. चर्चच्या वहीत मार्था. नवरा तिकडे यशवंत, इकडे योसेफ.

"गावाला ठाऊक नाही का हे?" मी विचारलं. "दर रविवारी ढोलकी वाजते."

"गावाला समदं ठाऊक हाय. पण गावाकडं कागद नव्हता. तो तुमी आणून दिला."

मी म्हटलं, आत्ता जाते, सातही पत्रिका परत आणते, छपाई चुकली म्हणून सांगते. त्या म्हणाल्या, "परत मागितल्या की सात घरांना कळंल त्याची किंमत काय हाय ती. बसा."

बसले. गप्प राहणं मला जमत नाही, म्हणून विचारलं, "पण हे खोटंच ना, सुशीलाबाई?" विचारल्यावर लाज वाटली.

"व्हय. खोटंच." त्यांनी वाद घातला नाही. "वंदीचा सासरा आन् माझा सासरा सख्खे भाऊ. एकानं दीक्षा घेतली, एकानं बाप्तिस्मा. दोघांनी एकाच हालापायी धर्म सोडला. तिची जात ऱ्हायली, माझी गेली. कुणी ठरवलं हे? तुमच्या वर्गात शिकवता ना तुमी, तुमीच सांगा. मी मार्था म्हणून घरी बसू, का सुशीला म्हणून चाळीस घरं वाचवू?"

रेश्मानं आईला माझ्या वर्गाबद्दल सांगितलं होतं, कौतुकानं. मला माझा तक्ता आठवला. प्रतिष्ठेखाली 'सत्य' लिहिलं आहे आणि गरिबाखाली 'न्याय'. दोन्ही मीच लिहिलं आहे.

फादरना फोन लावला. ते पुढच्या गावच्या मिस्साला निघाले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वसईचे लोक. तुमचं नाव आणि तुमचा देव एकाच वहीत असतो. इथे निम्म्या माणसांना दोहोंतलं एक निवडावं लागतं."

"पण शिकवण काय सांगते, फादर?"

"मला कळलं की तुम्हाला फोन करीन. मी तिला कम्युनियन घ्यायला सांगत असतो. तीच घेत नाही. म्हणते, खोट्यावर सही केलीय, हात पुढं कसा करू."

सकाळी सुशीलाबाई विसरल्या नव्हत्या तर.

गंगापूर, सोमवार

तहसील कचेरीत एका लांबट खोलीत छाननी होती. उमेदवार, त्यांची माणसं, आणि दाराशी भज्यांचा वास. मला न्यायची सुशीलाबाईंची इच्छा नव्हती, मीच गेले. वाटलं, मी केलंय तर निदान समोर असावं. आता वाटतं, गेले नसते तर बरं झालं असतं. कधी वाटतं, नाही, गेले तेच बरं. यावर माझं रोज मत बदलतं.

निवडणूक अधिकारी चष्मेवाले, थकलेले गृहस्थ. सुशीलाबाईंचं नाव पुकारलं, कागद पाहिले, विचारलं, "कुणाची हरकत?" वंदनाताईंच्या शेजारून पॅनलचे एक पांढऱ्या कपड्यांतले बापू उठले आणि त्यांनी खिशातून पत्रिका काढली. सात घरांतल्या कुठल्या घरातून ती त्यांच्याकडे गेली हे मला आजही माहीत नाही.

"साहेब, बाई ख्रिश्चन हायेत. हे बघा, मार्था. वर क्रूस."

"हे तर सुशीला नाव आहे," अधिकारी म्हणाले.

"एकच बाई हाय ती. पत्रिका ह्या पाहुण्यांनी वाटली. इचारा त्यांनाच."

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. अधिकाऱ्यांनी पत्रिका माझ्यापुढे धरली. "बाई, या पत्रिकेतल्या मार्था म्हणजे या सुशीलाबाईच का?"

माझ्या गळ्यात क्रूस होता. सुशीलाबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, खूण केली नव्हती, हेच मला सहन झालं नाही. मी काही ठरवलं नाही. माझाच वर्गातला खणखणीत आवाज मला ऐकू आला.

"नाही. मार्था ही मुलीची मावशी. मुलीला तिनं वाढवलं, म्हणून पत्रिकेत तिचं नाव."

इतकं सफाईदार खोटं मी कुठे शिकले, देव जाणे. अधिकाऱ्यांनी वंदनाताईंना विचारलं, "तुम्ही समोरच राहता. तुम्हाला माहीत असेल."

वंदनाताईंनी पदर सारखा केला. बापू त्यांच्याकडे रोखून पाहत होते.

"ज्याचं नाव छापलंय त्याला ठाऊक. मी काय सांगू?"

"हरकत फेटाळली," अधिकारी म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

बाहेर आलो तर बापू तावातावानं कुणाला तरी फोन करत होते. वंदनाताई टपरीशी एकट्या उभ्या होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. कायद्यानं जागा तुमचीच होती. का नाही सांगितलंत?"

"सुशी आमच्यातली न्हाय, असं मी माझ्या तोंडानं सांगू?" त्या म्हणाल्या. "एका घागरीचं पाणी पिऊन वाढलेत आमचे नवरे. ते ऐकून आबा जेवला नसता." मग जरा हसल्या. "पण मतं मी मागणार हाय बरं का. सोडणार न्हाय तिला."

मला वाटलं, सुशीलाबाई आता निदान सुटकेचा श्वास टाकतील. त्या एसटीच्या फलाटावर माझ्याशेजारी बसल्या आणि रडू लागल्या. मी हात धरला तर म्हणाल्या, "इतकी वर्षं ते खोटं माझ्या एकटीचं होतं, ताई. मी कुणाला बोलू दिलं नाय, पोरीलाबी नाय. आता तुमालाबी लागलं ते."

गाडी आली. मी चढले. त्या खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि जांभळी साडी लई आवडली, लग्नात तीच नेसते, असं म्हणाल्या.

वसई

पंधरवड्यानं रेश्माचा फोन आला. आई निवडून आली, थोडक्या मतांनी. गायरानावर सही करणार नाही असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. वंदनाकाकू गुलाल लावायला आल्या होत्या, पण जेवायला थांबल्या नाहीत. बापूंनी जात पडताळणी समितीकडे तक्रार केली आहे, तिथे पुन्हा सगळं उकरलं जाईल. आनंद झाला. लगेच वंदनाताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि आनंद कुठे ठेवावा ते कळेना. चाळीस घरं राहिली, चांगलं झालं. वंदनाताईंच्या हक्काचं मी एका वाक्यात काढून घेतलं, वाईट झालं. दोन्ही एकाच वाक्यानं झालं.

शुक्रवारचा वर्ग सध्या बंद ठेवला आहे. सर्दीचं कारण दिलं आहे, म्हणजे तेही खोटंच.

नाताळच्या आधीच्या शनिवारी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे आमचे तरुण फादर होते. चौथीत माझ्या वर्गात होते, त्यामुळे जाळी नावालाच. मी गुडघे टेकले आणि सांगितलं, की मी सरकारी अधिकाऱ्यासमोर, भरल्या खोलीत, ठरवून नाही पण स्पष्ट आवाजात खोटं बोलले, त्यातून एका बाईचं भलं झालं आणि दुसरीचा हक्क गेला. सगळं सांगितलं, खलियासुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग नेहमीचा प्रश्न विचारला. झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो का? पश्चात्ताप असल्याशिवाय क्षमा देता येत नाही, हे मीच त्यांना पहिल्या कम्युनियनच्या वेळी शिकवलं होतं. मी मनात शोधलं. लाज होती, भीती होती, वंदनाताईंबद्दल वाईट वाटणं होतं. पण तो अधिकारी आत्ता इथे उभा राहिला आणि तीच पत्रिका पुढे केली, तर मी काय म्हणेन?

"टीचर?" फादर हळूच म्हणाले. "पश्चात्ताप होतो ना?"

"फादर," मी म्हटलं, "हो म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल."

मागे रांग लांबत होती, म्हणून क्षमा न घेताच मी उठले.